अकोट टाळून नरनाळा

८ डिसेंबर, रविवार
ठरलं! ठरलं! आम्ही दोघं नवरा-बायकोच. महिनाअखेरच्या शनिवारी अमरावतीहून निघायचं, परतवाड्यावरून घाट चढून गाविलगड, मुक्काम चिखलदरा. रविवारी उतरून अंजनगाव, अकोट, नरनाळा! वेळ उरला तर बाळापूरची जुनी दगडी छत्री बघून घरी. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय. किशोरराव ताट मांडीवर घेऊन जेवले.

सासरमुळे अकोटला शंभरदा गेले असेन, नरनाळा काही पाहिला नाही. आणि शाळेत पोरांना मात्र फळ्यावर काढून दाखवते! लाज वाटते.

११ डिसेंबर
अडचण किल्ल्यांची नाही, नातेवाइकांची आहे. परतवाड्याला चुलतदीर खुशालराव. अकोटला पार्बताआत्या, म्हणजे किशोररावांच्या सख्ख्या आत्या. एकट्याच राहतात. गेलं की रोडगे! कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात निवांत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. "अजून एक घे वं, काईच खाल्लं नाई तुनं!" मग कसला किल्ला? खाटेवर आडवं व्हायचं. उठलं की चहा. चहा होतो तोवर अंधार. दर वेळी हेच.

यंदा गुपचूप जायचं. किशोरराव घाबरले — "अकोटातून जाचं अन् आत्याच्या दारात नाई थांबाचं? लोक काय म्हनतीन?" लोकांना कळलं तर ना!

१४ डिसेंबर
खुशालरावांचा प्रश्न सुटला! त्या शनिवारी सगळे शेगावला जाताहेत. देव पावला.

२२ डिसेंबर, रविवार
कपाळ माझं! अकोटहून गडाच्या पायथ्याच्या शहानूरपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे विचारायला ह्या माणसाने फोन कोणाला करावा? आत्यांना! वर मलाच म्हणतात, "तिथंच राह्यते ना थे! तिले नाई तर कोनाले मालूम असन?"

आत्यांनी रस्ता सांगितला, मग विचारलं, येता कधी? झालं! साहेबांनी सगळं ओकून टाकलं. गड बघायचाय, घरी थांबणार नाही, मंजूला जेवणात वेळ घालवायचा नाही. मंजूला! माझं नाव पुढे! आत्या म्हणे "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नुसतं बरं? बाळंतपणानंतर माहेरी जाता आलं नव्हतं, तेव्हा ह्याच बाईने मला डिंकाचे लाडू करून खाऊ घातले होते.

२४ डिसेंबर
मीच फोन केला. म्हटलं आत्या, रविवारी येतो हं आम्ही घरी. "या," म्हणाल्या. संपलं. जेवणाचं नावसुद्धा नाही! फारच रागावल्या आहेत.

किशोररावांना सांगून टाकलं, रविवारी आत्यांकडेच थांबायचं, पोटभर जेवायचं, माफी मागायची. नरनाळा राहिला तर राहिला. सांगताना रडू आलं. किल्ल्यासाठी कोणी रडतं का? मी रडले.

२८ डिसेंबर, चिखलदरा
गाविलगड! दरवाज्यावर दगडात कोरलेले दोन तोंडांचे पक्षी. खाली दरी अशी की तळच दिसेना. किशोरराव बुरुजावर उभे राहून जोरात गाणं म्हणत होते, बेसूर, आणि मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं. थंडी, गरम भजी, वारा. काय सुंदर दिवस गेला!

उद्या अकोट. आत्यांना काय तोंड दाखवू?

२९ डिसेंबर, रविवार
आत्यांच्या दाराला कुलूप. आत्या बाहेर ओट्यावर बसलेल्या. नवं लुगडं, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. मी पाया पडायला वाकले तर ओरडल्या, "उठ वं, उशीर होऊन राहिला! चूल पेटवलीच नाई मी आज." गाडीत पुढच्या सीटवर स्वतःच जाऊन बसल्या. नरनाळा त्यांनीही कधी पाहिला नव्हता. "सारे आले, जेवले, गेले," म्हणाल्या. "आत्या, तूबी चाल, असं कोनं म्हटलंच नाई."