विसावी टीसी

२० जून २००२, गुरुवार
दहावीचा निकाल लागला की आमची पायपीट सुरू. प्राचार्यांनी आम्हा व्होकेशनलवाल्यांना बोलावून शासनाचा कागद पुन्हा वाचून दाखवला. पदवीकडे धावणाऱ्या पोरांना दहावीनंतरच हाताच्या कामाकडे वळवायचं. कागद चांगला आहे. दरवर्षी चांगलाच असतो. मग चष्मा काढून म्हणाले, "ढोके सर, इलेक्ट्रिकलला वीस पोरं पाह्यजेत. कमी पडले तर वर्ग बंद, अन् तुम्ही अतिरिक्त." म्हणजे जिल्ह्याबाहेर कुठंही बदली. सायन्सवाले पंख्याखाली बसून फॉर्म तपासतात. त्यांच्याकडे रांग असते.
आमच्या अर्चूलाही दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के! पेढे वाटले. वर्ध्यात सायन्सला टाकायचं, नक्की.

२२ जून, शनिवार
कॉलेजच्याच गावात, सिंदीत, दिवसभर दारोदार. पावसाचा पत्ता नाही. पोरगा तयार झाला की टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, अन् मार्कशीट तिथल्या तिथं पिशवीत टाकायची, नाहीतर संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजचे सर येऊन घेऊन जातात. बारा वर्षं झाली या धंद्याला. आज चार मिळाल्या, एकूण अकरा. गुडघा बोलायला लागलाय.
बोरगावला घरी आलो तर कूलर बंद, मोटार जळालेली. अर्चूनं ती उघडून जळकी तार काढून ठेवली होती. वेढे किती, तेही कागदावर लिहिलेलं.

२३ जून, रविवार
वाइंडिंग तिनंच केलं. मी फक्त जोडण्या पाहिल्या. पहिल्या झटक्यात मोटार चालली. माझ्या बारावीच्या पोरांना हे जमत नाही. खरंच अभिमान वाटला.
"बाबा, मी तुमच्याच वर्गात येते न."
हसण्यावारी नेलं. सौ. हसली नाही.

२५ जून, मंगळवार
अठरा टीसी झाल्यावर सिंदीच्या किराणावाल्या शामभाऊंकडे. मुलगी मंजू, सत्तेचाळीस टक्के. आर्ट्सला टाकायचं, मग स्थळं पाहायची, असा बेत. मी नेहमीचं सगळं सांगितलं. हातात कला, घरबसल्या दुरुस्तीचं दुकान, कुणापुढं हात पसरणं नाही. मंजू दाराआडून बाहेर येऊन उभी राहिली. तिला पटलं होतं, दिसत होतं.
शामभाऊ म्हणाले, "सर, सारे पोट्टेच राह्यतीन तिथं. एकटी पोरगी कशी बसवू? तुमची टाकता काय?"
आणि मी म्हणालो, "टाकतो न. माझी अर्चू तिथंच येणार."
निघून गेलं तोंडातून. शामभाऊंनी आत जाऊन टीसी आणली. एकोणीस. लाज वाटली, पण टीसी परत केली नाही.

२७ जून, गुरुवार
दुपारी शामभाऊंचा घरी फोन. अर्चूनं उचलला. "बेटा, आमच्या मंजूले तुह्या बाजूले बसवजो." मी आलो तर पोरगी दारातच. "बाबा, खरंच? तुम्ही हो म्हटलं?" पेढ्यांच्या दिवशीही एवढी खूश नव्हती.
सांगावं लागलं. म्हणालो, पोरं मिळवायला तसं बोलावं लागतं.
"मंग मंजूले सांगतलं ते खोटं होतं काय?"
सौ. आतून म्हणाली, "लोकाईच्या पोरीले तार गुंडाळाले लावता, अन् आपली मात्र इंजिनिअर पाह्यजे."
"तुला पाह्यजे का ती माझ्या वर्गात?"
"नाई पाह्यजे. पण मी लोकाईच्या दारात जाऊन सांगत नाई."


२९ जून, शनिवार
निदान इथं तरी खरं लिहावं. कोर्स वाईट नाही, मी शिकवतो, मला माहीत आहे. माझ्या पोरांपैकी दोघांची चांगली दुकानं आहेत, एक कारखान्यात आहे. बाकीचे पुढं बी.ए.ला गेले, तार कुठं अन् ते कुठं. पण स्टाफरूममध्ये "व्होकेशनलवाले आले" म्हणतात तेव्हा जे वाटतं, ते अर्चूच्या वाट्याला नको. एवढंच. मोठं कारण शोधत होतो, सापडलं नाही.
वर्ध्याच्या सायन्सच्या यादीत अर्चूचं नाव लागलं. मंगळवारी तीनच्या आत मूळ टीसी भरायची. मूळ एकच असते.
अर्चू आता माझ्याआधीच जेवून घेते.

१ जुलै, सोमवार
विसावा मिळाला नाही. एक जण कबूल झालेला, त्याला काल मामा नागपूरला घेऊन गेले. प्राचार्य म्हणाले, उद्या बारापर्यंत यादी द्या. थकलो. बदली तर बदली, असंही वाटून गेलं.

२ जुलै, मंगळवार
सकाळी सौ. अर्चूची टीसी शोधत होती. अर्चू म्हणाली, "आहे, सापडन." मी गाडीच्या घाईत निघालो.
ऑफिसात बाबूच्या टेबलावर पिशवी रिकामी केली. त्यानं मोजलं. "सर, वीस हायेत. पेढे चारा!" मी परत मोजल्या. मंजूच्या टीसीखाली अर्चूची. सोबत फॉर्म, तिच्या अक्षरात सगळा भरलेला. विषयापुढं इलेक्ट्रिकल, दोनदा गिरवून. बाबूनं फॉर्म उलटा करून माझ्यापुढं सरकवला. "इथं पालकाची सही राह्यली, सर."
फॉर्म उचलून स्टाफरूममध्ये आलो. तिथंच हे लिहितोय. साडेअकरा झालेत. आता निघालो तर तीनच्या आत वर्ध्याला टीसी पोचते. सही केली तर वीस होतात. बाबू दोनदा डोकावून गेला.
शामभाऊ मंजूला सोडून मघाशीच दुकानावर परत गेले. जाताना मला हात जोडले. मंजूनं विचारलं, "अर्चना कवा येते, सर?" मी म्हणालो, "तू बस."
समोर व्हरांड्यातल्या बाकावर मंजू बसली आहे. बाजूला रुमाल टाकून जागा धरली आहे.