जहाजाचं नाव

आई,

आज ड्युटी संपवून आले आणि गाडी दारात लावून तशीच आत बसून राहिले. उतरायचंही जिवावर आलं होतं. सातारच्या सिव्हिलमधून तू अशीच दमून यायचीस आणि पदर खोचून थेट भाकऱ्यांना बसायचीस. मी नर्सिंगला असताना एकदा तुझ्या वॉर्डात आले होते. एक म्हातारी काही सांगत होती आणि मी नुसतं हूं हूं करत चादर बदलत होते. तू ते पाहिलंस. घरी आल्यावर भाकरी उलटता उलटता म्हणालीस, "बोलणाऱ्या माणसाकडे पाठ करू नये." फार लागलं होतं मला ते.

इथे सातासमुद्रापार पापाकुराला मी म्हाताऱ्या माणसांच्या ज्या रेस्ट होममध्ये काम करते, तिथे नव्वदी ओलांडलेल्या एक गोऱ्या बाई आहेत. गेल्या आठवड्यात वाढदिवसाला त्यांच्या मुलानं एका जुन्या शिडाच्या जहाजाचं चित्र फ्रेम करून आणलं. त्यांचे पूर्वज त्याच जहाजातून इंग्लंडहून आलेले. त्यानं हौसेनं ते पलंगासमोर टांगलं. तो गेला आणि बाईंनी मला ते उतरवायला सांगितलं, आणि का ते सांगू लागल्या. गोळ्या द्यायच्या खोल्या अजून बाकी होत्या, पाय भरून आले होते. तरी ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांची पणजी नवरा आणि छोट्या मुलीबरोबर निघाली तेव्हा गरोदर होती. गरिबांची जागा खालच्या मजल्यावर. माणसं दाटीवाटीनं कोंबलेली, उजेड नाही, अंथरुणं कायम ओली. वाटेत गोवर पसरला. मुलगी गेली. तिला कापडात शिवून समुद्रात सोडलं. मग थोड्याच दिवसांत, त्याच फळ्यांवर, पणजी बाळंत होते. पुन्हा मुलगी. कप्तान खूश, म्हणतो, हिला जहाजाचंच नाव ठेवा. तशी तेव्हा पद्धतच होती म्हणे. नवऱ्यानं मान डोलावली. तिला कुणी विचारलं नाही.

त्या जहाजानं पुढे आणखी कितीतरी कुटुंबं इकडे आणली. मग आगबोटी आल्या, शिडाच्या जहाजांची गरज संपली. याच्या डोलकाठ्या कापल्या आणि बंदरातच कोळसा साठवायला ते नांगरून ठेवलं. पणजीच्या अंगणातून ते दिसायचं, काळंकुट्ट. ती कपडे वाळत घालायची ते खाली मान घालून. आणि लेकीला तिनं जन्मभर 'पोरी' म्हणूनच हाक मारली. ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही.

"ती पोरगी म्हणजे माझी आजी," बाई म्हणाल्या. "तिनं हट्टानं मला तेच नाव दिलं. म्हणाली, हिला तरी कुणीतरी नावानं हाक मारेल."

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला सांगणार का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चित्र परत टांग, रविवारी येईल तेव्हा सांगते. सांगितलंही. दारावरून जाताना मी पाहिलं, तो साठीतला माणूस टोपी हातात धरून चित्रासमोर उभा होता, आणि बाई डोळे मिटून पडल्या होत्या. दमलेल्या, पण शांत.

आज बीपी घेताना त्यांनी माझ्या मुलीचं नाव विचारलं. तू गेलीस तेव्हा मी नवव्या महिन्यात होते, विमानात कुणी बसू दिलं नसतं. सगळं फोनवरच कळलं. मग ती झाली आणि मी तुझं नाव ठेवलं. तेवढं सांगितलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, "छान नाव आहे. घरी त्याच नावानं हाक मारतेस ना?"

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. मी हो म्हटलं. खोटं बोलले गं. अकरा वर्षांची झाली ती. शाळेत सगळे तिला तुझ्या नावानं हाका मारतात. माझ्यासाठी ती अजून नुसती 'बाळा'च आहे.