सलगमाची पानं गोड होईपर्यंत

विस्कॉन्सिन, ९ नोव्हेंबर

प्रिय व्हर्लिन,

हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार बारा दिवसांवर आला आणि तू येणार की नाही, ते अजून कळवलेलं नाहीस. हे मी सलग चौथ्या वर्षी विचारते आहे. आता याला चौकशी न म्हणता अनुष्ठानच म्हणावं. सकाळपासून तीनदा हे पत्र अर्धवट टाकून रानाकडे चक्कर मारून आले. बसवतच नाही.

शिकारीच्या दिवसांत हरणं चरायला यावीत म्हणून यंदा ओकच्या झाडांमागच्या तुकड्यात ओट आणि सलगम पेरले. ऑगस्टमध्येच. सलगमाचं बी इतकं बारीक की वाळूत मिसळून फेकायचं आणि मातीने झाकायचं नाही, वरून जड रूळ फिरवून नुसतं दाबायचं. मी अतिउत्साहात पहिल्याच पट्ट्यावर कुळव फिरवला. आपले बाबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मार्लिस, बी पेरतेयस की पुरतेयस? त्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द बोलू का?" तो पट्टा अजून बोडका आहे आणि आल्यागेल्याला तेवढाच दाखवला जातो.

बाकीचं पीक गुडघ्याएवढं दाट आलं. पण हरणं यायची, हुंगायची, ओटाचे चार घास घ्यायची आणि सलगमाकडे पाठ फिरवून चालती व्हायची. कडक हिम पडल्याशिवाय त्या पानांत गोडी उतरत नाही हे शास्त्र मला ठाऊक आहे. शास्त्राने धीर येतो असं मात्र नाही. मी रोज पहाटे एक पान तोडून चावत होते. रोज कडू. शेजारच्या गुंडरने कुंपणावरून विचारलंच, "काय गं, हरणांच्या आधी तूच फस्त करणार का?"

बाबा ऐंशीचे झाले. मचाणाची शिडी त्यांना झेपत नाही, म्हणून जमिनीवरच फळ्यांचा आडोसा करून दिला आहे. पुढच्या वर्षी तिथवर तरी चालवेल का, हे ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. शिकारीच्या खोपटातल्या पाटीवर कुणी कुठल्या मचाणावर बसायचं ते अजून तेच खडूने लिहितात. त्यावर तुझ्या, ओकावरच्या मचाणापुढची जागा तीन वर्षं कोरी आहे. तुझी बंदूक खुंटीवर आहे. तिला तेल तेच घालतात, आणि मी पाहिलं की चष्मा शोधत असल्याचा अभिनय करतात.

तो जून तू विसरला नसशीलच. बाबांनी हरणांसाठी सात वर्षं जपलेल्या क्लोव्हरच्या तिपानी चाऱ्यात गवत माजलं होतं. एका डब्यातलं औषध गवत मारून क्लोव्हर राखणारं, दुसऱ्यातलं नेमकं उलटं. फवारा तू मारलास. आठवड्यात क्लोव्हर करपून गेलं आणि गवत राजवैभवात डोलू लागलं. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याला गवत आणि क्लोव्हर यांतला फरक कळत नाही, त्याला हरीण आणि माणूस यांतला कळेल याची काय खात्री? माझ्या रानात बंदुकीला हात लावू नकोस." आपल्यासारख्या शिकारी घरात याहून वाईट कुणाला काही बोलता येत नाही. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि गाडी काढलीस.

आज पहाटे हिम पडलं. पान चावलं. गोड! बाबांना सांगायला धावत गेले आणि तोंडून निघालं ते भलतंच: फवारणीच्या दिवशी टाकी मी भरली होती. डब्यावरचं न वाचता. तू पंप जोडत होतास, तू फक्त फवारलंस. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तीन वर्षं माहीत नव्हतं ते फक्त त्यांना. त्यांनी खोपटातल्या पाटीपाशी जाऊन ओकापुढे तुझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून फडक्याने पुसून पुन्हा लिहिलं. त्याच फडक्याने माझं नाव पुसलं आणि म्हणाले, "तू यंदा भांडी घासशील." दारापर्यंत जाऊन वळले. "त्याला लिही. म्हणावं, चुकलो हे मला समोर सांगायचंय, पण माझे गुडघे त्याच्या शहरापर्यंत पोचत नाहीत. त्याने यावं." म्हणून हे पत्र. सलगम गोड झालाय, व्हर्लिन. ये.

तुझीच बहीण, भांड्यांपाशी वाट पाहणारी,
मार्लिस