एक मूठ बाजरी

प्रिय आबा,

परवा तुम्ही हसनाबादहून पुण्यापर्यंत आलात, आईनं दिलेल्या दशम्या माझ्या हातात ठेवल्यात आणि आमच्या पागेच्या फाटकाबाहेरच थांबलात. मी किती आग्रह केला! तर म्हणालात, "तूच बघ बाई घोडे. म्या आत येऊन काय करू?" दहा वर्षं झाली, तुम्ही घोड्याला हात लावलेला नाही. मला रागच आला. मग एसटीत चढताना तुमची पाठ बघून रडू आलं.

घोड्यांचं शिक्षण म्हणजे काय गं, असं गिरिजाबाई आत्या अजून विचारते. तिला सांगा, निम्मं आबांनीच शिकवलंय. मध्यंतरी मॅडमनी डॉक्टरांच्या नळीनं घोडीचं पोट ऐकायला सांगितलं. मी सवयीनं सरळ तिच्या कुशीला कान टेकवला. सगळे हसले, पण मला आपली रूपा आठवली. मेंढरांमागं निघताना रोज सकाळी तुम्ही तिच्या पोटाला कान लावायचात, "पोट बोलून राह्यलंय, बराबर हाय," म्हणायचात आणि मगच बिऱ्हाड लादायचात. वाकळा, पातेली, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर मी! तिथून धावडा गावाकडचा रस्ता मला आपल्याच मालकीचा वाटायचा. तेवढं सुख मला पुन्हा कुठं मिळालं नाही, आबा.

दसऱ्याला आई तिला हळदकुंकू लावायची आणि तुम्ही तिला बाजरी द्यायचात. एकच मूठ. मला तो तुमचा चिक्कूपणा वाटायचा.

त्या शेवटच्या दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी आपण निघालो. सकाळी तिचं पोट नीट बोलत होतं. दुपारी ती वाटेतच बसली, लोळली, घामानं भिजली आणि गेली. "वझं म्याच जास्त लादलं," असं तुम्ही तेव्हा म्हणालात आणि आजवर तेच म्हणत आलात. मेंढरं विकलीत आणि जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागलात.

गेल्या महिन्यात मॅडमनी वर्गात सांगितलं, सवय नसलेल्या घोड्यानं एकदम खूप धान्य खाल्लं तर ते पोटात फुगतं, आणि घोड्याला ओकता येत नाही. माझं लिहिणं तिथंच थांबलं. आबा, त्या सकाळी तुम्ही पाल गुंडाळत होतात, तेव्हा मी रूपाला पाटीभर बाजरी घातली होती. एवढं चालणार बिचारी, एका मुठीनं तिचं काय होणार, असं वाटलं मला. नऊ वर्षांची होते, त्यात काही वाईट आहे हे कळलंच नाही. परवा फाटकाशी हेच सांगायचं होतं, पण नुसतं "आत चला" एवढंच म्हणत राहिले. तुमचं वझं बराबर होतं, आबा. पुढच्या सुट्टीला या आणि मला हवं तेवढं रागवा, पण आत येऊन. इथे एक तांबडी घोडी आहे, तिच्या पोटाला आधी तुम्ही कान लावा.

तुमचीच,
छकुली