बाजेच्या लाकडाची गिटार

सेलू,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७६

चि. बन्सीधर यास,

तुझ्या अक्काचे पुष्कळ आशीर्वाद. आमी सगळे खुशाल आहोत, म्हणजे या घरात जेवढं खुशाल राहता येतं तेवढे. तुझी तब्येत कशी आहे, सिकंदराबादचं पाणी मानवलं का, खानावळीतल्या वरणात अजून चिंचच चिंच असते का, ते कळव. खरं म्हणजे काहीही कळव. राखी पाठवली तिची पोच नाही, पोळ्याला पत्र टाकलं त्याला उत्तर नाही. पोस्टमनला विचारून विचारून मी इतकं बेजार केलंय, की तो आता आमची गल्ली आली की पलीकडच्या बोळातून सायकल काढतो. आमच्या सासूबाई (तोंडात दात एक नाही, पण जीभ शाबूत) रोज सकाळी विचारतात, बन्सी हाय का गेला? मी म्हणते, हाय, रुसलाय.

तू रुसलास ते बरोबरच आहे. त्यात मी तुझ्याच बाजूची. मागच्या दिवाळीच्या पाडव्याला तू तुझी गिटार बाजेवर ठेवलीस, धूळ नको म्हणून लेकरासारखी तिच्यावर गोधडी घातलीस, आणि तुझे दाजी करंज्यांवर हात मारून आले ते धाडदिशी बाजेवर आडवे झाले. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. (सासूबाईंना वाटलं, पोरांनी फटाका लावला.) अशा वेळी माणसानं काय म्हणावं? चुकलं म्हणावं. तीन अक्षरं आहेत. पण कापसाच्या बाजारात वजनकाट्यावर बसून बसून तुझ्या दाजींची खात्री झालीय, की चुकतात ते समोरचे. ते म्हणाले, बाज ही माणसानं निजायला असते, वाजंत्री ठेवायला नाही. तू म्हणालास, दाजी, गिटारीचं जाऊ द्या, बाज मोडली नाही ना तेवढं बघा. मग दोघांनाही जोर चढला. भाऊबीजेला मी पहाटे उठून ताट केलं, निरांजन लावलं, पाट मांडला आणि तुला उठवायला आले, तर तू पहिल्या गाडीनं निघून गेलेला. आई गेल्यापासून माहेर म्हणून मला एक तूच आहेस, बन्सी. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मी भाऊ असून चंद्राला ओवाळलं. शेजारणी बघत होत्या. मला लय वाईट वाटलं, ते लिहून ठेवते.

आता मुद्द्याचं. तुझे दाजी तुझ्यासाठी गिटार करायलेत. विकत आणत नाहीत, हातानं करायलेत. ज्या माणसाला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही (देवघरातला गणपती वाकडा टांगलाय, तो आल्यागेल्याकडं तिरक्या मानेनं बघतो), त्या माणसानं होळीला जाहीर केलं, की गिटार म्हणजे काय, पोकळ लाकूड आणि तारा. का करायलेत, ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, बसून काय करू, काटा तर आता दसऱ्यापर्यंत बंद. पण मला कळतं ना. ती तीन अक्षरं तोंडातून निघेनात, म्हणून लाकडातून काढायलेत.

पहिला प्रश्न मापाचा. तुझी मोडकी गिटार माळ्यावर होती, ती सासूबाईंनी संक्रांतीला पाणी तापवायला चुलीत घातली. (जळण छान होतं म्हणाल्या.) मग मापाला उरलं काय, तर दाजींच्या कमरेवर उमटलेला वळ. तोही तोवर पुसट झालेला. शेवटी तुझा स्टुडिओतला फोटो भिंतीवरून उतरवला, त्यात तू गिटार धरून उभा आहेस, आणि त्यावर फूटपट्टी लावून त्रैराशिक मांडलं. मला विचारलं, बन्सीची उंची किती? मी सांगितली. तर म्हणाले, छट्, एवढा कुठला, आपल्या लग्नात माझ्या खिशाला लागत होता. लग्नाला बारा वर्षं झाली! पण त्यांच्या लेखी तू अजून टोपी घातलेला करवलाच आहेस. त्या हिशोबानं गिटार केली, ती अर्थातच लहान झाली. ते पुढं येईल.

लाकूड कुठलं घ्यावं म्हणून आश्रुबा सुताराकडं गेले. आश्रुबा बिचारा बैलगाड्या करणारा माणूस. त्यानं बाभूळ दिली, म्हणाला, शंभर वर्षं हलणार नाही. खरंच हलत नव्हती. ती पहिली गिटार उचलायला दोन माणसं लागायची, आणि वाजवली तर उंबरा ठोकल्यासारखी वाजायची. आता ती गोठ्यात आहे. शेळी तिच्यात सरकी खाते आणि खूष आहे. दुसऱ्या वेळी किराणा दुकानातून चहाची खोकी आणली, त्यांच्या पातळ फळ्या. त्या वाकवायच्या कशा? तर माझ्या हंड्यात उकळायच्या आणि रांजणाला गुंडाळून दोरीनं आवळायच्या. दाजींनी पाय लावून दोरी अशी आवळली, की फळी शाबूत राहिली आणि रांजण गेला. सकाळचं भरलेलं पाणी चुलीपर्यंत. त्या दिवशी आमी शेजारचं पाणी प्यायलो आणि शेजारणीचं बोलणं खाल्लं. एवढं करून दुसरी गिटार पिठाच्या खळीनं चिकटवली होती. पावसाळ्यात ती फुगून उकलली, आणि तिच्या पोटात उंदरानं बाळंतपण उरकलं.

मग कुणीतरी सांगितलं, सरस लागतो. सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात ते तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. यांनी तो दूध तापवायच्या पातेल्यात शिजवायला ठेवला. वास आला आणि सासूबाईंनी ओळखला. माळ घातलेली बाई, त्यांनी असा गोंधळ घातला, की पातेलं परसात गेलं, तुझे दाजी परसात गेले, आणि श्रावणभर दोघांचा मुक्काम तिकडंच होता. परसात तरी गुण यावा? एक दिवस बघते तर गवऱ्या थापलेल्या भिंतीपुढं फूटपट्टी घेऊन उभे, एकेक गवरी न्याहाळायलेत. म्हटलं, झालं, आता शेणाची गिटार. मला बघून पट्टी पाठीमागं लपवली आणि म्हणाले, गवऱ्या बऱ्या थापल्यास. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं कशाला तरी चांगलं म्हणाले, तेही गवऱ्यांना.

तिसरी गिटार म्हणजे ही. अंग चहाच्या फळ्यांचं, आत अजून चहाचा वास येतो. चिकटवल्यावर दाबायला माझा पाटा-वरवंटा आठवडाभर वर ठेवला, म्हणून आठवडाभर घरात चटणी नाही. मानेवरच्या सुरांच्या पडद्यांना छत्रीच्या काड्या तोडून बसवल्या. छत्री कुणाची? माझी. भर पावसात मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन गिरणीत जायची, आणि लोक विचारायचे, छत्री कुठं गेली? काय सांगणार, वाजायला गेली? तारा परभणीला जाऊन आणल्या, त्या सतारीच्या निघाल्या. दुकानदार म्हणाला, तार ती तार. आणि मानेला सागवान पाहिजे होतं जुनं, मुरलेलं. ते घरात एकच होतं. तुझ्या दाजींनी बाज सोडली. होय, तीच बाज. जिच्यावर गिटार मोडली तिच्याच एका लांब लाकडाची मान केली. आमी आता सगळे सतरंजीवर निजतो. तेव्हा तू येशील तेव्हा भिऊ नकोस, या घरात कुणी कशावर आडवं पडेल अशी जागाच उरलेली नाही.

वाजते कशी विचारशील. काय सांगू! दिसायला दुधी भोपळ्याची धाकटी बहीण, अंगावर अजून अर्धा शिक्का चहाच्या कंपनीचा. तुझ्या पुढ्यात धरली तर तू लेकराचं खेळणं हिसकावून घेतल्यासारखा दिसशील. खुंट्या दमट हवेत सरकतात, त्यांना खडू लावावा लागतो. पाचवी तार जरा खणखणते. पण चौथी जराशी उतरवून घेतली, आणि अंगठा सावकाश टाकला, की ओवी तिच्यावर अशी बसते बघ, जात्यावर बसायची तशी. (असं लोक म्हणतात.)

तर बन्सी, एवढंच मागणं. भाऊबीजेला ये. दाजी गिटार देतील तेव्हा ती लहान आहे म्हणू नकोस, हसू नकोस, चहाचा वास घेऊ नकोस. दोन्ही हातांनी घे आणि छान झाली म्हण. ते चुकलं म्हणणार नाहीत, त्याची वाट बघत बसू नकोस, म्हातारा होशील. पण बोटांना सरसाचे फोड आलेत, ते तेवढे बघ. मला या वर्षी चंद्र नको.

तुझी,
कुसुमअक्का

ता. क. आता खरं लिहिते. गिटार घे, छान म्हण, आणि मी ओवाळलं की तीच माझ्या ताटात ओवाळणी म्हणून घाल. लुगडं नको, पैसे नकोत. दाजी दुपारी बाहेर गेले की मीच वाजवते. गिरणी आल्यापासून जातं बंद पडलं आणि जात्याबरोबर आईच्या ओव्याही बंद पडल्या होत्या. त्या सगळ्या परत आठवायल्यात. सासूबाई कोपऱ्यातून चुकलेली ओवी दुरुस्त करतात आणि कुणाला सांगत नाहीत. हा माणूस हौसेनं तुझ्यासाठी करायलाय, त्यात मला पाहिजे म्हणायला तोंड कसं उघडू? पण भावानं ओवाळणीत घातलेलं कुणी काढून घेत नाही. तुला सिकंदराबादला दुसरी मिळेल. मला कुठं मिळणार?

दुसरा ता. क. वाचून झालं की पत्र चुलीत घाल. पोस्टात टाकायला दाजींकडंच दिलंय, पण पाकीट मी शितं लावून पक्कं बंद केलंय, आणि दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्यातले ते नव्हेत. तेवढा एक गुण आहे.

ता. क. (अक्षर वेगळं दिसेल.) चि. बन्सीधर यास दिनकररावाचे आशीर्वाद. शितानं पाकीट टिकत नाही, म्हणून सरस लावून नीट बंद करतोय. हिशोबात मी चुकत नाही. तुझी उंची मला माहीत आहे. गिटारीच्या मानेचं माप परसातल्या गवरीवरून घेतलं, हिची पाची बोटं तिच्यावर नीट उमटलेली आहेत. मागच्या दिवाळीत तू बाहेर गेलास की ही तुझी गिटार मांडीवर घेऊन बसायची, ते मी दारातून बघितलं होतं. म्हणून तू ताटात घालायचं ते घाल, आणि मला काही ठाऊक नाही असं दाखव. तुझी गिटार वेगळी करायला घेतली आहे, बाजेचं दुसरं लाकूड शिल्लक आहे. पण माप फोटोवरून नको, समोर उभं करून घ्यायचं आहे. तेव्हा भाऊबीजेला येच. मागच्या वेळी चुकलं.