योगेशच्या कॉम्प्युटरचा वेग

प्रिय निकिता,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, जीवनदादा, योगेशदादाचा कॉम्प्युटर झाला का नीट? आणि मी होतोय, होतोय म्हणत वेळ मारून नेतो. नाशिकला इंदिरानगरात पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलेल्या माणसाला एक मशीन तीन महिन्यांत दुरुस्त होत नसेल, तर त्यानं बोर्ड उतरवून रसवंती टाकलेली बरी. पण जे चाललंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही. पहिल्यापासून लिहितो, मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

तुला त्यातले योगेशचे फोटो आणि त्याच्या आवाजातल्या क्लिपा हव्या होत्या. श्रावणात मी सिन्नरला तुमच्या घरी गेलो तेव्हा काकू नांदगावला मावशींकडे होत्या. शेजारच्या तानुबाईंनी किल्ली दिली. मशीन चालू व्हायचं, दहाएक मिनिटांत पडदा निळा पडायचा आणि सगळं बंद. दुखणं मला लगेच कळलं. रॅमच्या पट्टीवर तिचा वेग लिहिलेला असतो, पण तो आपोआप मिळत नाही. मशीन सुरू होतानाच सेटिंगच्या पानात जाऊन द्यावा लागतो. या मशीनमध्ये दोन पट्ट्या जुन्या आणि दोन नव्या, वेगळ्या कंपनीच्या. चौघींना मिळून तो वेग झेपत नव्हता. मी तो कमी केला, दिवसभर तपासणी लावून ठेवली. एकही चूक निघाली नाही. पुढच्या खेपेला मोठी डिस्क आणून सगळं उतरवून घेऊ म्हटलं आणि मजेत घरी आलो.

आठ दिवसांनी डिस्क घेऊन गेलो, तर पुन्हा निळा पडदा. आत जाऊन पाहिलं तर वेग पहिल्यासारखा वाढलेला. निकिता, आमच्या धंद्यात असं होत नाही. आतली बॅटरी संपली की सेटिंग पुसलं जातं, पण मग वेग कमी होतो. आपोआप कधीच वाढत नाही. काकू परत आल्या होत्या, त्यांना विचारलं, कुणी हात लावला का? तर योगेशच्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "कोन लावील बाबा हात?" मी पुन्हा कमी केला, फोटो उतरवायला लावले. काकूंनी आधी जेवून घे म्हणून बसवलं. हात धुवून येतो तर मशीन बंद. थोडे फोटो आले होते. कपाळापर्यंत योगेश होता आणि खाली नुसते राखाडी पट्टे. न झेपणाऱ्या वेगात मशीन जे लिहितं ते थोडं थोडं चुकीचं लिहितं, म्हणून दर वेळी बंद पडताना त्याचा एखादा फोटो जातोय. त्यानंतर दर खेपेला तेच: मी वेग कमी करून यायचो आणि पुढच्या वेळी तो वाढलेला असायचा.

परवा मंगळवारी न कळवताच गेलो. दुपारची वेळ, दार नुसतं लोटलेलं. काकू योगेशच्या खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि समोर ते सेटिंगचं पान उघडं. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे. एका बोटानं, न अडखळता, चार वेळा खालचं बटण, मग एंटर. मी दारातच उभा राहिलो. मागे न वळता म्हणाल्या, "ये जीवा. तेवढं जसं व्हतं तसं करून ठेवते."

तू दहाव्याला रामकुंडावर पायऱ्यांवर मागे बसली होतीस, म्हणून तुला ऐकू गेलं नसेल. कावळा शिवत नव्हता. तुझे मामा म्हणाले निकिताचं लग्न करून देतो, तुझे काका म्हणाले आईला अंतर देणार नाही. एक तास गेला. शेवटी काकू म्हणाल्या, "तुझा कंपुटर हाय तसा ठेवीन रे, कोनाला हात लावू द्यायची नाय," आणि त्याच क्षणी कावळा उतरला. तो शब्द त्या पाळताहेत. फोटो जाताहेत हे मी समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "दिल्या शब्दापुढं काय करू?" मग विचारलं, हे करायला शिकलात कुठे, माझं बघून? म्हणाल्या, "तू पयल्यांदा आला तवा मी व्हते का घरी? त्यानंच दावलं."

निकिता, मी घाबरलोय ते एवढ्यासाठी की योगेशला ते पान ठाऊकच नव्हतं. तो वेग मी वाढवला होता. त्या नव्या पट्ट्याही मीच घातल्या आणि बघ आता कसा पळतो म्हणून फुशारकी मारली. तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, गिऱ्हाइकाच्या लग्नाचा अल्बम करताना सारखं बंद पडतंय, उद्या द्यायचाय. चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. वेग वाढवायला आणि कमी करायलाही बटणं तीच. चार वेळा खाली, मग एंटर, एवढं फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण माझी चूक कबूल कशी करायची? म्हणून म्हणालो, मशीन राहू दे, तू फोटो घेऊन दुकानात ये, इथल्या मशीनवर अल्बम करू. तो येतोच म्हणाला आणि गाडी काढली. वाटेत अपघात झाला, पुढचं तुला माहीत आहे. तो त्या दिवशी नाशिकला कशाला निघाला होता, हे तुम्ही सगळे मला विचारत होतात आणि मी ठाऊक नाही म्हणून मान हलवत होतो.

काकू जे जपताहेत ते योगेशचं नाहीच, माझी चूक आहे. रविवारी जाऊन त्यांना हे सांगणार आहे, नाहीतर त्याचा एकही फोटो उरायचा नाही. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. यंदा तू मला राखी पाठवलीस, योगेशदादाच्या जागी म्हणून. ती पाकिटातच आहे, हाताला बांधायची हिंमत झाली नाही. परत पाठव म्हणालीस तर पाठवीन.

तुझाच,
जीवन