शॉर्टस्टॉपच्या नावावरची चूक

मी, मर्ल ऑगस्ट टॉलेफसन, वय वर्षे शहात्तर, राहणार एल्डर फोर्ड, आयोवा, व्हिटकॉम विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा त्रेपन्न वर्षांचा मैदानराखा आणि गुणलेखक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितले ते मला नीट समजले आहे. डोके शाबूत असल्याचा पुरावा हवा असेल त्याने १९६५ पासूनच्या कोणत्याही सामन्याची कोणतीही इनिंग विचारावी. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी विद्यापीठाला बरेच काही देऊन बसलो होतो. तेव्हा मी मूर्ख होतो.

वकीलबाई नॉरीन पेट्री समोर बसून टाइप करीत आहेत. "मिस्टर टॉलेफसन, मृत्युपत्रात शिव्या चालत नाहीत हं," असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले. मी म्हटले, "बाई, मरणार मी आहे. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

कलम पहिले. माझे राहते घर, आतल्या सामानासह, माझी कैलासवासी पत्नी अर्डिस हिची भाची कॅरल हिला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. अर्डिस अंथरुणाला खिळली होती तेव्हा कॅरल दर रविवारी बटाटे-खिम्याचे गरम भांडे घेऊन यायची आणि उगाच धीर देत बसायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसते. तिथे पुढे गाड्या उभ्या राहिल्या तर कॅरलने जाड पडदा लावावा.

कलम दुसरे. रोलर, तिन्ही दंताळी, खडूची रेघ मारायचे यंत्र आणि पाण्याचे लांब पाइप गावातल्या हायस्कूलचा मैदानराखा लेस्टर याला द्यावेत. लेस्टरला सरळ रेघ मारता येत नाही. पण त्याला त्याची लाज वाटते, म्हणून तो शिकेल.

कलम तिसरे. व्हिटकॉम विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांना मी काहीही देत नाही, आणि का देत नाही ते लिहून ठेवतो. हा संघ १९०४ मध्ये लॅटिन शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने गाईंच्या कुरणात सुरू केला. पहिली होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथली पाटी, चुलीचे झाकण होते. १९१८ च्या साथीत चार खेळाडू गेले, तरी पुढच्या वसंतात संघ उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात सातच मुले उरली होती, तेव्हा खानावळीचा आचारी आणि चर्चचे पाद्री मैदानात उतरले, आणि पाद्रीबुवांनी पंचाशी असे भांडण केले की त्यांना बाहेर काढावे लागले. अशी एकशे चौदा वर्षे. आणि गेल्या साली मे महिन्यात, मुले बाहेरगावी सामना हरून बसने परत येत असताना, त्यांच्या फोनवर एक पत्र आले. संघ बंद. संचालकसाहेबांना समोर उभे राहून सांगायचे धाडस झाले नाही. या गृहस्थांनी एक सामनासुद्धा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरे काय!

कलम चौथे. कैलासवासी कोच हॅरल्ड निवेन यांचे लोकरी जाकीट १९८८ पासून माझ्या माळ्यावर आहे. ते त्यांच्या मुलाला द्यावे. धुतलेले नाही. धुणारही नाही. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे. माझ्या हातच्या त्रेपन्न गुणवह्या. यांतल्या बावन्न विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्याव्यात, कारण ग्रंथपालबाईंनी कधी कोणाचे वाईट केलेले नाही. उरलेल्या एकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

फलंदाजाने चेंडू मारला आणि स्वतः धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोचला, की गुणलेखकाला एकच गोष्ट ठरवायची असते. क्षेत्ररक्षकाला तो अडवता येण्यासारखा नव्हता तर 'हिट', श्रेय फलंदाजाचे. अडवता येण्यासारखा होता तर 'चूक', आणि ती क्षेत्ररक्षकाच्या नावावर कायमची चढते. हे ठरवणारा माणूस एकच. पंचसुद्धा त्यात बोलत नाही. लिहिलेले बदलायला चोवीस तासांची मुदत, त्यानंतर देवालाही बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या मातीची. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि खालचे दगड वर ढकलते. म्हणून दर मार्चमध्ये संघातली नवी मुले खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर सगळे आतले मैदान सरकत जातात आणि दगड वेचतात. अशा तीन फेऱ्या. ही चाल पहिल्या वर्षापासूनची. १९७१ मध्ये दोन फेऱ्या झाल्या आणि तिसरी मी सोडून दिली. नदीला मासे लागले होते. कारण एवढेच.

८ मे १९७१. आमचा डेनिस व्हॉर्टन चेंडू टाकत होता आणि सातव्या इनिंगपर्यंत कोणालाही हिट मिळाली नव्हती. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, माझा धाकटा भाऊ ड्वेन होता. एकवीस वर्षांचा. हातांना जणू डोळे होते त्याच्या. त्याला बघायला व्यावसायिक संघाचा एक माणूस वही घेऊन बसला होता. सरपटी चेंडू सरळ ड्वेनकडे आला, दगडावर आपटला आणि त्याच्या कानाजवळून वर उडाला. मी 'हिट' लिहिले. फलकावरही लागले. त्यानंतर शेवटपर्यंत कोणालाही हिट मिळाली नाही आणि सामना आपण तीन-शून्यने जिंकला.

मग कोच निवेन, तेच लोकरी जाकीट अंगात, गुणलेखनाच्या माझ्या लाकडी खोपट्यात चढून आले.

"मर्ल, ती चूक होती."

"कोच, चेंडू उसळला. डोळ्यांदेखत उसळला."

"सदुसष्ट वर्षांत या मैदानावर बिनहिटचा सामना झालेला नाही. आज झालाय. आणि तू भावाला सांभाळून घेतोयस, असं सगळं गाव म्हणेल."

"दगड होता, कोच."

ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "असं? मग लिही की. 'माझ्या मैदानावर दगड होता, म्हणून चेंडू उसळला,' असं लिही. विद्यापीठाच्या अध्यक्षांना मीच दाखवतो. मैदान कोण राखतं रे आपलं?"

लग्नाला वर्ष झाले होते, नोकरीला सहा. मी खोडरबर घेतले, हिट पुसली, आणि माझ्या भावाच्या नावावर चूक लिहिली. माझा दगड त्याच्या माथी मारला आणि मी नामानिराळा राहिलो.

व्हॉर्टनला खांद्यावर घेऊन मुले नाचली. आज मैदानाच्या फाटकाला त्याचे नाव आहे आणि खाली पितळी पाटी आहे. वहीवाल्या माणसाने वही मिटली. ड्वेनला पुढच्या सामन्यापासून बाकावर बसवले. विद्यार्थी ओरडायचे, "ड्वेन, चेंडू दाखवू का, हा बघ, पांढरा असतो!" शरद ऋतूत त्याने शिक्षण सोडले आणि तीस मैलांवर धान्याच्या कोठारात कामाला लागला. चाळीस वर्षे त्याने पोती आणि ट्रक पाहिले. आईच्या दफनाला आला, अर्डिसच्या दफनाला आला, सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशी नाही. अर्डिस म्हणायची, "जा ना, सांग त्याला. तुझी जीभ झिजणार आहे का?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. ती गेली आणि माझा पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

तरी मी जाहीर करतो की ८ मे १९७१ ची ती नोंद खोटी आहे. ती हिट होती. ड्वेन टॉलेफसनची चूक नव्हती. दगड माझा होता. वहीच्या समासात हेच मी शाईने लिहून सही केली आहे.

कलम सहावे. मैदानाचा उजवा कोपरा, पाऊण एकर. तो विद्यापीठाचा नाही, आमचा आहे. माझे आजोबा ऑगस्ट यांनी १९०४ मध्ये लॅटिनच्या प्राध्यापकाला कॉफी पाजता पाजता सांगितले, "खेळा की, मका तिथे येतच नाही." कागद झाला नाही, म्हणून कोर्टात जमीन अजून आमच्याच नावावर आहे. मैदानावर वाहनतळ करायचे ठरवून नकाशा काढल्यावर ही गोष्ट संचालकांच्या ध्यानात आली. ज्यांना माझे आडनाव कधी धड म्हणता आले नाही ते माझ्या दारात केक घेऊन आले. "मर्ल, तुम्ही म्हणजे आमच्या इतिहासाचा चालता-बोलता ठेवा!" ठेव्याने केक कुत्र्याला घातला.

विद्यापीठ संघाच्या एकशे चौदा वर्षांचा इतिहास छापत आहे. मी त्यांना पत्र लिहून १९७१ ची नोंद सुधारा म्हणून कळवले. उत्तर आले की मुदत उलटून गेली आहे, आणि बिनहिटचा सामना हा संघाचा 'सर्वोच्च क्षण' आहे. संघ मारून टाकला आणि त्याचा सर्वोच्च क्षण तेवढा जपतात! म्हणून गेल्या आठवड्याच्या मसुद्यात मी असे लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात विद्यापीठाने पुस्तकात आणि पितळी पाटीवर 'हिट' असे सुधारले, तर कोपरा त्यांचा, न सुधारले तर कोपरा माझा भाऊ ड्वेन याचा. मला वाटले होते, बरोबर नाक दाबले, आता तोंड उघडेल.

हे सहावे कलम मी आज रद्द करीत आहे. कारण पुढे.

कलम सातवे. काल मी मसुदा घेऊन ड्वेनकडे गेलो. तो पडवीत गवत कापायच्या यंत्राचे पाते घासत होता. उठला नाही.

"कोण मेलं?" त्याने विचारले.

"अजून कोणी नाही. वाच."

त्याने चष्मा लावून सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मग म्हणाला, "मासे लागले होते?"

"हो."

"मिळाले?"

"दोन."

तो बराच वेळ पाते घासत राहिला. मग म्हणाला, "दगड होता हे मला तेव्हाच कळलं होतं, मर्ल. कानाजवळून गेला माझ्या."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. म्हटलं, मर्ल स्वतः येईल. आज येईल, उद्या येईल. लोकांनी चूक म्हटलं त्याचं काय, लोक काहीही म्हणतात. पण तू यायला हवं होतंस. तीस मैल, मर्ल! अठ्ठेचाळीस वर्षं लागली तुला तीस मैलांना!"

मला रडू आले, ते लपवण्याचे आता वय नाही. "चुकलो मी," म्हटले. तो म्हणाला, "हं."

मग त्याने सहाव्या कलमावर बोट ठेवले. "हे काय आहे? गाड्या लावायला जागा मिळावी म्हणून ते माझी चूक पुसणार? असली विकतची माफी नको मला. काढ ते."

"मग जमीन तू घे. सरळ तुझ्या नावावर करतो."

"मी काय करू पाऊण एकराचं, ऊस लावू?" आमच्याकडे ऊस होत नाही, हा त्याचा तरुणपणाचा खवचटपणा जसाच्या तसा आहे. "यावर साक्षीदार कोण आहेत?"

"वकीलबाईंच्या कचेरीतली दोन माणसं."

"त्यांनी चेंडू पाहिला होता?"

"तुला होता येत नाही साक्षीदार, ड्वेन. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही."

"मग खोड माझं नाव," तो म्हणाला. "सगळीकडून खोड. काही देऊ नकोस मला."

आज सकाळी तो माझ्यासोबत इथे आला आहे. वकीलबाईंनी त्याला समजावले की मृत्युपत्राचा साक्षीदार फक्त एवढेच सांगतो की सही करताना माणूस शुद्धीवर होता; आत लिहिलेले खरे की खोटे याच्याशी त्याचा संबंध नाही. ड्वेन म्हणाला, "ते तुमच्या कायद्याचं झालं, बाई. मी आणखी दोन ओळी लिहिणार." वकीलबाईंनी चष्मा पुसला आणि हरकत घेतली नाही. उलट त्यांनीच सांगितले की मृत्युपत्र कोर्टात दाखल झाले की ते कोणालाही मागून वाचता येते. विद्यापीठाचे पुस्तक काहीही म्हणो.

कलम आठवे आणि शेवटचे. उजवा कोपरा गावातल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला बिनशर्त द्यावा. दगडांच्या तीन फेऱ्या त्यांनी पुऱ्या कराव्यात. १९७१ ची वही या मृत्युपत्रासोबत कोर्टात जोडावी. माझा भाऊ ड्वेन टॉलेफसन याला, त्याच्याच सांगण्यावरून, मी काहीही देत नाही.

स्थळ: एल्डर फोर्ड, आयोवा
दिनांक: ११ एप्रिल २०१९

सही: मर्ल ऑगस्ट टॉलेफसन

वरील गृहस्थांनी आमच्या समक्ष, शुद्धीवर असताना सही केली.

साक्षीदार १: नॉरीन पेट्री, वकील

साक्षीदार २: ड्वेन टॉलेफसन, शॉर्टस्टॉप
मी तिथे होतो. चेंडू उसळला.